खिशातलं पिस्तूल आणि गोव्याचा पाऊस

(फोंड्यातल्या एका वाचनालयात शस्त्र-परवानाधारकांसमोर एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या मेस्ताचं, म्हणजे कारागिराचं, झालेलं व्याख्यान, लिहून काढताना थोडं आवरून घेतलेलं.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘छोटी पिस्तुलं अडकतात का?’ त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी मला एका मॅगझिनबद्दल, म्हणजे पिस्तुलात काडतुसं भरायच्या डबीबद्दल, बोलू द्या. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

इथे बसलेले बहुतेक जण परवानेवाले. कुणाकडे शेतातली डुकरं हाकायची बारा बोअरची बंदूक, कुणाकडे बत्तीस बोअरचं पिस्तूल. तेव्हा चाप कुठला आणि घोडा कुठला हे सांगत बसत नाही.

गोष्ट २०२४ सालची. लोकसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारं ठाण्यात जमा करायचा आदेश आला. डिचोलीकडचे एक भाटकार, म्हणजे जमीनदार, आहेत, ऐंशीच्या पुढचे, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांनी वडिलांचं पिस्तूल नेऊन दिलं. बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं, अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं १९१० मॉडेल. ७ मेला आपल्याकडे मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला, आणि पाठोपाठ पावसाने धरलं. दादांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, मुलगा बाहेरगावी. हत्यार आणायला जायला चतुर्थी उलटली.

ते माझ्या टेबलावर आलं तेव्हा चामड्याच्या म्यानात होतं, म्यान प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीचं तोंड सुतळीने आवळलेलं. पिशवीला आतून थेंब सुटलेले. दादा एवढंच म्हणाले, “मेस्ता, हें आतां चलना.”

मी मॅगझिन काढलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघितलं, बोटानेही चाचपलं. हे मी दर वेळी करतो, हत्यार कुणीही आणलेलं असो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजणारी माणसं मी पाहिलेली आहेत. चेंबरातलं काडतूस तिथेच राहतं, मंडळी. १९१०च्या मॉडेलला मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारा खटका असतो, पण शंभर वर्षांच्या खटक्यावर मी कुणाचा जीव टांगणार नाही.

मग मॅगझिन हातात घेतलं. आत काडतुसं वर ढकलणारी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबली. एरवी सोडल्यावर ती टणकन वर येते. ही खाली गेली आणि तिथेच बसली. मॅगझिन उलटं करून आपटलं, तेव्हा भोकांतून तांबडी पूड सांडली, विटकरीच्या भुकटीसारखी. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढल्या. वरून काळ्याभोर, आतून गंजाचा नकाशा. मुठीच्या मागे तळव्याने दाबायचा जो सेफ्टीचा भाग असतो, तोही अर्ध्यात अडकलेला. म्यानाच्या कप्प्यात चार काडतुसं होती, त्यांच्या पितळेवर हिरवी कळक. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. चामड्यात काडतूस ठेवलं तरी तेच होतं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेली ओल पितळ खातात, पोलाद त्याहून लवकर खातात.

आता राग कशाचा, तर पावतीचा. ठाण्यातल्या कुणी हे मुद्दाम केलं नाही. पावतीवर नंबर बरोबर, बोअर बरोबर, सही-शिक्का जागच्या जागी. पण हत्यार कोणत्या अवस्थेत घेतलं त्याचा एक शब्द नाही. तेल होतं का, गंज होता का, म्यानात घेतलं की मोकळं? पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा राज्यात लोखंड जमा करून घेताना त्याची अवस्था लिहून घ्यायची नाही? मी हे मागणी म्हणून बोलतोय, तुम्हीही अर्जात लिहा. दादा त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या त्या तांबड्या पुडीकडे बघत होते. वडिलांच्या हातची तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली आहे.

याच १९१० मॉडेलने, फक्त थोड्या मोठ्या बोअरच्या, २८ जून १९१४ला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला. इतिहासवाल्यांना त्यात रस. मला रस त्याच्या स्प्रिंगेत आहे. १९००च्या मॉडेलात ब्राउनिंगने एकच स्प्रिंग नळीच्या वर बसवली होती, स्लाइड पुढे आणायलाही तीच आणि काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिन हाणायलाही तीच. १९१०मध्ये त्याने स्प्रिंग नळीभोवती गुंडाळली, म्हणून पिस्तूल इतकं सडपातळ झालं. किती सुंदर विचार आहे बघा! पण नळी आणि स्प्रिंग यांच्यामधल्या फटीत ओल शिरली की ती बाहेरून दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक वारसा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगालने अमेरिकेकडून सॅवेज पिस्तुलं घेतली, ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे आपलं बत्तीस बोअरच. त्याच्या मॅगझिनमध्ये दुहेरी रांगेत दहा काडतुसं. त्या काळी खिशातल्या पिस्तुलात दहा म्हणजे चैन.

आणि खोबरेल. यावर मी दर वेळी बोलतो. आपल्याकडे केसाला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, म्हणून पिस्तुलालाही खोबरेल. कालांतराने ते खवट होतं, घट्ट होतं, डिंकासारखं चिकटतं. दादांच्या फायरिंग पिनच्या भोकात हाच पिवळा डिंक निघाला. शिलाई मशीनचं तेल वापरा, तेही थेंबभर. जास्त झालं तर ते काडतुसाच्या टोपीपाशी, म्हणजे पिनेच्या ठोक्याने पेट घेणाऱ्या भागापाशी, झिरपतं, आणि चाप ओढल्यावर नुसता खट्‌ आवाज येतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहाच मिनिटं उरली. तेव्हा पत्रिकेवरचा विषय.

मी बोलतोय ती बत्तीस आणि पंचवीस बोअरची जुन्या धाटणीची पिस्तुलं. यांत स्लाइड नळीला अडकवलेली नसते. गोळी पुढे सुटते तशी पुंगळी मागे रेटते, आणि तिला थोपवायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. खिशातल्या पिस्तुलात वजनाला जागा नाही, म्हणून स्प्रिंग कडक आणि स्लाइडची धाव तोकडी. ती मागे जाऊन झपकन परत येते. तेवढ्यात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस ओठांपर्यंत, म्हणजे मॅगझिनच्या वरच्या वळवलेल्या कडांपर्यंत, चढवलं पाहिजे. ते उशिरा चढलं की स्लाइड एकतर त्याच्या वरून निघून जाते, नाहीतर त्याला मध्येच चावते. लोक नळीला आणि कारखान्याला दोष देतात. माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांत बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा निघतो. मनगट ढिलं धरलं तरी स्लाइड पूर्ण मागे जात नाही, हेही खरं.

दुसरं, बत्तीसच्या काडतुसाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते, साधारण अर्धा मिलिमीटर. भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे हवी. आखूड गोळीचं काडतूस घातलं तर मॅगझिनमध्ये मोकळी जागा राहते, काडतुसं मागे-पुढे सरकतात, कडा एकमेकींत अडकतात आणि सगळी रांग थांबते. हे नेमबाजीच्या मैदानात हातोहात सुटत नाही.

तिसरं, खिसा. खिशात सुताचे तंतू असतात, घाम असतो, आणि आपल्याकडे हवेतच मीठ. पिस्तूल खिशात असलं तर आठवड्याला उघडा. मॅगझिनही उघडा, आतून पुसा, पण आत तेल घालू नका. दोन मॅगझिनं असतील तर त्यांवर खूण करा, म्हणजे अडकतं ते कुठलं ते कळेल. ओठ वाकले असतील तर घरी पक्कड लावू नका. वापरात नसताना चामड्यातून बाहेर काढून, तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा, आणि पुड्या बदलत राहा. परवान्यावरची काडतुसं वीस वर्षं जपून ठेवू नका. मैदानात जाऊन जुनी वापरा, नवी घ्या, त्यातच पिस्तूलही तपासलं जातं.

दादांचा गंज मी तेलात भिजवून तांब्याच्या पट्टीने खरवडला, तांबं पोलादाला ओरखडत नाही. नळी वाचली. मॅगझिनची स्प्रिंग मात्र गेली होती, ती मी पियानोच्या तारेची वळून बसवली. पहिली जरा जास्त कडक झाली, दुसरी बरोबर बसली.

आज हत्यार आणलेलं नाही, पण जुन्या स्प्रिंगा इथे टेबलावर नवीच्या शेजारी ठेवल्यात. उंची ताडून बघा.