सेक्टर १७, पण कुठला?

[दृश्य: वाशी स्टेशन, सकाळ. जिन्यावरून उतरणारी गर्दी.]

नवी मुंबईत पत्ता सांगताना आपण रोज विज्ञानकथा बोलतो. नोड अमुक, सेक्टर तमुक, प्लॉट नंबर एवढा. परग्रहावरून आलेल्या कुणाच्या कानावर हे पडलं तर त्याला वाटेल, चला, आपल्याच आकाशगंगेचा नकाशा वाचतायत.

आमचा छोटासा व्हिज्युअल नॉव्हेल गेम या एका विनोदावर उभा राहिला. मी लिहिते, ऐरोलीची मैत्रीण चित्रं काढते. दोघीच.

[दृश्य: ठाणे खाडी, फ्लेमिंगोंचा थवा.]

गोष्टीत यान खाडीत उतरतं. दिवस फ्लेमिंगोंचे, त्यामुळे इतक्या गुलाबी गर्दीत आणखी एक गुलाबी वस्तू कुणाला दिसत नाही. पाहुण्याकडे पत्ता आहे फक्त ‘सेक्टर १७’. आता नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, शहर नोड पाडून, म्हणजे वाशी, ऐरोली असे भाग पाडून वसवलं गेलं, आणि नोड बदलला की सेक्टरची मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून ही स्वारी आधी ऐरोलीचा सेक्टर १७ पालथा घालते, मग कोपरखैरण्याचा, मग कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं म्हणून खारघरचा. शेवटी दमून वाशी स्टेशनखालच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी येते. दुकानात आमची नायिका. तिचं पहिलं वाक्य: “अहो, सुट्टे आणलेत का?”

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. मागे दुकानाचं चित्र, पुढे पात्र, खाली संवादाची पट्टी.]

ज्यांनी हा प्रकार खेळला नाही त्यांच्यासाठी: हे वाचायचं असतं. क्लिक केलं की पुढचं वाक्य. मधेच दोन-तीन पर्याय येतात, तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते. जपानमध्ये १९८०च्या दशकात हे रुजलं. असे गेम बनवायला आम्ही वापरलं ते रेनपाय नावाचं सॉफ्टवेअर, टॉम रॉथमेल यांनी २००४ मध्ये आणलेलं, आणि फुकट. नावातलं ‘रेन’ आलंय ‘रेनाई’ या जपानी शब्दातून, म्हणजे प्रेम. ‘पाय’ पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा.

प्रेम मात्र पहिल्याच दिवशी मोडलं. जुन्या लॅपटॉपवर आम्ही जुनीच आवृत्ती टाकली होती, आणि तिला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. पाय मोडलेला प, शेजारी सुटा र. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे उभी राहायची, त्यामुळे ‘मिसळ’ची झाली ‘मसिळ’. मैत्रीण म्हणाली, राहू दे, परग्रहाची लिपी म्हणून खपवू. नव्या आवृत्तीत हार्फबझ आहे, अक्षरांची जुळणी ते करतं. ती आवृत्ती टाकली, ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट घेतला आणि मिसळ ताळ्यावर आली.

[दृश्य: पाहुण्याची रेखाटनं. एकच देह, सहा चेहरे.]

पाहुणा दिसतो उकडीच्या मोदकासारखा. कारण सांगू? मैत्रिणीला हात काढायचा कंटाळा.

पण खरा पेच पडला तो संवाद लिहिताना. मराठीत ‘मी’ एकटा येत नाही, लिंग सोबत घेऊन येतो. मी आलो, मी आले. हा मोदक ना तो, ना ती. मग लिहिलं: “मी खाडीत उतरलं. मी फार दमलं.” माझ्या मावशीनं खेळून पाहिलं आणि विचारलं, “पात्र लहान बाळ आहे का गं?” बरोबरच होतं तिचं. त्या क्षणी वाटलं, विज्ञानकथा राहू दे बाजूला, विनोद इथे आहे. मग नायिकेपुढे तीन पर्याय ठेवले: ‘उतरलो’ म्हण. ‘उतरले’ म्हण. असू दे, ‘उतरलं’च गोड वाटतं. तिसरा निवडलात तरच गोष्ट पुढे प्रेमाकडे जाते.

विज्ञान अगदीच सोडलं नाही हं. पाहुण्याचं घर प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्यापाशी, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांवर. यान प्रकाशाच्याही आधी कसं पोचलं ते विचारू नका. आईनं निघताना पाठवलेला निरोप आत्ता वाशीत पोचतो: “डबा घेतलास का?” लग्नाची परवानगी विचारायची तर उत्तर यायला जवळजवळ साडेआठ वर्षं. हे कळल्यावर नायिका झेरॉक्स मशीनचं झाकण उघडते, काहीच ठेवत नाही, पुन्हा लावते. तिथे मी अर्ध्या सेकंदाचा थांबा टाकलाय. पूर्ण सेकंद ठेवला तर लोक गेम अडकला समजून क्लिक करत सुटायचे.

[दृश्य: रात्र. दुकानाचं शटर अर्धं खाली.]

प्रत्येक भेटीगणिक ती ‘तुम्ही’वरून ‘तू’कडे सरकते, त्याचा हिशेब गेम आतल्या आत ठेवतो. शेवटच्या दृश्यात ‘तू’ येतो. पाहुणा यानाकडे निघालाय, तिला मागून हाक मारायची आहे. ‘अरे’ म्हणावं? तो ‘तो’ नाही. ‘अगं’? ‘ती’ही नाही. पट्टीवर नुसतं “अ…” येऊन थांबतं. इथे पर्याय दिलेलाच नाही, क्लिकच करावं लागतं.

“अहो!”

पहिल्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईकाला ती हेच म्हणत आलीय. पाहुणा वळतो. आणि रांगेतल्या शेवटच्या आजी झेरॉक्सचे कागद सावरत विचारतात, “लग्न कधी झालं गं?”