गॅस संपत नसतो

(उन्हाळ्याच्या तोंडावर अकोल्यात शाळेच्या व्हॅन चालवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय फळ्यावर लिहिलेलाच आहे: जुन्या व्हॅनचा एसी बिघडला तर दोष शोधायचा कसा. आधी एक विचारतो. गेल्या तीन वर्षांत दोनदा किंवा जास्त वेळा गॅस भरला, असे किती जण आहेत? हात वर करा. मागची सगळीच रांग! आता सांगा, घरच्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस कोण भरतं? एकही हात नाही.

फ्रिज काय आणि गाडीचा एसी काय, आतलं चक्र एकच. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचं पाणी होतं, म्हणजे द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना तो गार होतो आणि कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता पिऊन परत वायू होतो. फिरून तिथेच. यात गॅस खर्च होतो कुठे? तो डिझेल नाही जळून जायला. गाडीत रबरी होज असतात, ओ-रिंग असतात, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील असतं, त्यांतून वर्षाकाठी थोडा झिरपतो, ते मान्य. पण एका उन्हाळ्यात सगळा गेला तर कुठेतरी गळती आहेच. आणि कित्येकदा तो गेलेलाही नसतो. त्याचीच गोष्ट सांगतो.

आमच्या दाजींची सात सीटर व्हॅन आहे, तेरा वर्षांची. इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात आईला तपासणीला नागपूरला न्यायचं होतं. सकाळी सातला अकोल्याहून निघालो तेव्हा एसी इतका गार, की आईने पदर अंगाभोवती लपेटून घेतला. मूर्तिजापूर मागे पडलं आणि हवा कोमट झाली. बडनेऱ्याला पोचेस्तोवर ब्लोअरमधून नुसती भट्टी. आईने ओला नॅपकिन डोक्यावर घेतला. एक शब्द बोलली नाही ती, पण आरशात तिचा चेहरा दिसत होता.

दाजी म्हणाले, "गॅस गेला पुन्हा." त्या वर्षातला तो तिसरा गॅस. रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये थांबलो. पोराने दाब मोजायचं गेज लावलं. मी शेजारीच उभा. इंजिन चालू, एसीचं बटण चालू, आणि निळा काटा व लाल काटा दोन्ही १३० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास येऊन थांबलेले. तो म्हणाला, "लाल काटा दोनशेच्या वर पाहिजे, गॅस कमी आहे." आणि सिलिंडर जोडायला वळला.

आता नीट ऐका, कारण आजचं सगळं व्याख्यान या दोन काट्यांत आहे. निळा काटा कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब दाखवतो, लाल काटा बाहेर पडणाऱ्याचा. कॉम्प्रेसर फिरत असेल तर निळा काटा खाली जातो आणि लाल वर चढतो. दोन्ही एकाच आकड्यावर असतील तर कॉम्प्रेसर फिरतच नाही. आणि १३०? बंद पाइपात आर-१३४एचा, म्हणजे या एसीतल्या गॅसचा, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो: ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ४० अंशांना १३० आणि वर दोन-तीन. म्हणजे ते गेज उलट सांगत होतं, की आत गॅस आहे. गेज खरं बोलत होतं, वाचणाऱ्याला त्याची भाषा कोणी शिकवली नव्हती. त्या पोराचा मला राग येत नाही. चौतीस वर्षं आयटीआयमध्ये शिकवल्यावर मला राग येतो तो या गोष्टीचा, की आपण पोरांना सिलिंडर जोडायला आधी शिकवतो आणि काटा वाचायला नंतर, किंवा कधीच नाही.

मी बोलेपर्यंत वीस मिनिटं गेली, तेवढ्यात इंजिन बंद करून जरा निवलं होतं, परत सुरू केल्यावर कॉम्प्रेसर लागला, गॅस आत गेला, गार हवा आली. "बघा, झालं काम!" कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दाजींनी पैसे दिले.

तळेगावच्या अलीकडे पुन्हा तेच.

या वेळी मी गाडी झाडाखाली घ्यायला लावली. आईला चटई टाकून सावलीत बसवलं, सीट उलटी केली, झाकण काढलं. इंजिन चालू ठेवून टॉर्च मारला. पुली गरगर फिरतेय आणि तिच्यापुढची क्लचची तबकडी मात्र स्तब्ध. वायरीला १२ व्होल्ट येत होते, म्हणजे हुकूम सुटत होता. पट्ट्यापासून हात लांब ठेवून लाकडी दांड्याने ती तबकडी हलकेच आत ढकलली. खट्! चिकटली, फिरायला लागली, आणि दोन मिनिटांत दाजी आतून ओरडले, "आलं, गार आलं!"

काय झालं होतं? क्लच म्हणजे विजेचं लोहचुंबक. वीज मिळाली की ते तबकडी पुलीला चिकटवतं आणि मग कॉम्प्रेसर फिरतो. तबकडी आणि पुली यांच्यात फट असते, बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर. वर्षानुवर्षं झिजून ती वाढते. त्यात तांब्याची कॉइल तापली की रोध वाढतो. ८० अंशांनी तापली तर जवळपास ३० टक्के. तेवढा करंट कमी, आणि चुंबकाची ओढ तर निम्म्याच्या जवळ येते. एकदा चिकटलेली तबकडी ते चुंबक धरून ठेवतं, पण थर्मोस्टॅटने, म्हणजे पुरेसं गार झालं की वीज तोडणाऱ्या स्विचने, सोडली की तापलेल्या अवस्थेत परत ओढून घेता येत नाही. म्हणून सकाळी गार, दुपारी गरम. घरी येऊन फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, मोजलं: एक मिलिमीटरच्या वर. आतली एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढली आणि काम झालं. जास्तीचा भरलेला गॅस मात्र काढावा लागला, कारण त्याने दाब भलताच चढत होता.

तो गॅस मी मशीनने बाटलीत घेतला, हवेत सोडला नाही. यावर दोन शब्द बोलायचेच आहेत. जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. त्याने ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ साली माँट्रियलला करार झाला, १९९२ साली भारत त्यात आला. मग आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटलेला एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या गावाने तरी तो फुस्स करून सोडू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग क्रम भरभर सांगतो, लिहून घ्या.

आधी ब्लोअर जोरात हवा मारतो का ते बघा. हवाच कमी असेल तर कूलिंग कॉइलवर धुळीचा थर असतो. मग तबकडी बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, उंदराने कुरतडलेली वायर, आणि शेवटी ती फट. फिरत असेल तरच गेजकडे जा. दोन्ही काटे खाली: गॅस कमी, गळती शोधा. दोन्ही वर: कंडेन्सरच्या जाळीत चिखल-पाला अडकलाय, पंखा बंद आहे, नाहीतर गॅस जास्त झालाय. निळा वर आणि लाल खाली: कॉम्प्रेसर थकलाय. निळा शून्याखाली: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय, बहुतेकदा आतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन. गळतीपाशी तेलकट डाग असतो, कारण गॅसबरोबर तेल फिरतं; त्यावर धूळ बसते. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावा. पाइप उघडलाच तर ओलावा शोषणारा ड्रायर बदला आणि अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारा, म्हणजे ओलावा उकळून निघतो. गॅस वजनकाट्यावर मोजून भरा, स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात.

प्रश्न बाहेर घेतो. दाजींची व्हॅन लिंबाखाली उभी आहे. इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवतो आणि ती फट प्रत्येकाला स्वतः मोजायला देतो. फीलर गेज एकच आणलंय, चार-चार जण या.