पिकलेला गळा आणि शेजारची गिटार

नमस्कार मंडळी. फ्लेमेन्को म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पटकन लाल घोळदार झग्यातली, टाचा आपटत नाचणारी बाई येते, सिनेमा-टीव्हीने तेच दाखवलंय ना आपल्याला. पण दक्षिण स्पेनमध्ये, अंदालुसियात, हेरेज, उत्रेरा, मोरोन अशा गावांतल्या जुन्या रसिकांना विचारलंत तर ते आधी गाण्याबद्दल बोलतील, मग गिटारबद्दल, आणि नाच त्यानंतर. आज मी बोलणार आहे ते अशा मैफिलीबद्दल जिथे नाच जवळजवळ नसतोच, स्टेजवर दोन साध्या खुर्च्या, एकीवर साठी-सत्तरीतला गायक, दुसरीवर तितकाच मुरलेला गिटारवाला, मागे दोघं-तिघं टाळ्या धरायला, बस.

आता गंमत बघा, या दोघांचं आधी ठरलेलं फार थोडं असतं. गायक सांगतो कॅपो, म्हणजे सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, कितव्या पडद्यावर लाव आणि हात वरच्या पोझिशनला धर की मधल्या, झालं. वयानुसार गळा खाली उतरतो तसा कॅपोही एखाद-दोन पडदे खाली सरकतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कुठली कडवी घेणार, ओळ किती ताणणार, मध्येच किती वेळ थांबणार हे त्या गायकालाही तेव्हाच कळतं. गिटारवाल्याने त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. सोलेआ हा प्रकार घ्या, 12 मात्रांचं आवर्तन, आपल्या एकतालासारखं, पण वजन पडतं ते 3, 6, 8, 10 आणि 12 वर. गायक त्यावरून तरंगत जातो, मागे रेंगाळतो, आणि त्याची ओळ नेमकी कुठे खाली पडणार हे ओळखून कॉर्ड तिथेच वाजली पाहिजे, आधी वाजली तर गाणं ढकलल्यासारखं होतं, नंतर वाजली तर गायक उघडा पडतो. तो श्वास घ्यायला थांबला की छोटासा तुकडा, दोन कडव्यांच्या मध्ये फाल्सेता म्हणजे गिटारची स्वतःची बांधलेली जागा, आणि परत गप्प. माझं ठाम मत आहे की एकट्याने तुफान वाजवणारे पुष्कळ सापडतात, पण गाण्यामागे कमी वाजवायची अक्कल यायला अर्धं आयुष्य जातं.

म्हणून गायक होसे मेर्से आणि गिटारवाला तोमातितो ही जोडी मला इतकी मोलाची वाटते. मेर्से 1955 चा, हेरेजच्या सान्तियागो वस्तीतला, घराणंच गाणाऱ्यांचं. तोमातितो 1958 चा, अल्मेरियाचा. पोरसवदा वयात तो कामारोन या गायकाच्या शेजारी साथीला बसायला लागला, तोच कामारोन ज्याने याआधी गिटारवादक पाको दे लुसियाबरोबर 1969 ते 1977 मध्ये एकामागून एक रेकॉर्ड काढून फ्लेमेन्कोचा नूरच पालटला होता. 2 जुलै 1992 ला कामारोन गेला, वय फक्त 41, आणि तोमातितोची शेजारची खुर्ची रिकामी झाली. इकडे मेर्सेला वर्षानुवर्षं साथ होती ती हेरेजच्याच मोराईतोची, ज्याचा उजवा हात म्हणजे नुसता ताल होता, तो 2011 मध्ये गेला. म्हणजे ज्याचा गायक गेला तो आणि ज्याचा गिटारवाला गेला तो, असे हे दोघं उतारवयात जोडीने मैफिली करायला लागले. दोघांनाही दुसऱ्याच कुणाच्या तरी श्वासाची सवय लागलेली, आणि ती मोडून नवीन माणसाचं ऐकायला शिकायचं, तेही साठीच्या आसपास! हे सोपं नाही हो. पण मेर्से लांब ओढायला लागला की तोमातितो हात जवळजवळ उचलूनच घेतो, तेवढी जागा त्याला देतो, तिथे मला त्याच्या सगळ्या सोलो वादनापेक्षा जास्त आनंद मिळतो.

आणि म्हातारा आवाज तिथे कमी दर्जाचा मानत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. 1922 च्या जूनमध्ये ग्रानादाला आलाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारात गाण्याची एक स्पर्धा झाली, संगीतकार मान्युएल दे फाया आणि कवी लोर्का त्यात पुढे होते. धंदेवाईक गायकांना त्यात प्रवेश नव्हता. तिथे भाव खाऊन गेले दोघं, एक 12-13 वर्षांचा पोरगा जो पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजला, आणि दुसरे दिएगो बेर्मुदेस, सत्तरीच्या घरातले, लोक त्यांना एल तेनासास म्हणायचे. ते पुएन्ते खेनिल या दूरच्या गावाहून पायी चालत आले असं सांगतात.

उत्रेराची गायिका फेर्नांदा घ्या, आवाज फाटका, वरचा सूर लागेल की नाही असं प्रत्येक वेळी वाटायचं आणि सोलेआ तिच्यासारखी कुणी गायली नाही असं आजही म्हणतात. तिच्याबरोबर मोरोनचे दिएगो देल गास्तोर गिटार वाजवायचे, मोठ्या स्टेजच्या आणि रेकॉर्डिंगच्या मागे न लागलेला माणूस. स्पॅनिश टीव्हीने 1971 ते 1973 मध्ये फ्लेमेन्कोवर जी कृष्णधवल मालिका केली तिच्यात हे दोघं आहेत, 1973 मध्ये दिएगो वारले, म्हणजे अगदी थोडक्यात सापडले म्हणायचे! अशा माणसांचं रेकॉर्डिंग वेळेवर करून ठेवणं किती गरजेचं असतं हे आपल्याकडच्या जुन्या गायकांच्या बाबतीत आपण पुरेपूर भोगलंय.

आपला एक धागा पण आहे यात. ग्रानादाचे गिटारवादक पेपे हाबिचुएला, 1944 चा जन्म, एन्रिके मोरेन्तेसारख्या गायकाचे साथीदार, त्यांनी 2001 मध्ये भारतीय वादकांबरोबर अल्बम केला आणि पुढे 2011 मध्ये अनुष्का शंकरच्या अल्बममध्येही ते वाजवले. फ्लेमेन्को गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत पुष्कळ जण जिप्सी आहेत, आणि जिप्सींचे पूर्वज मुळात आपल्या वायव्य भागातून गेले हे भाषा आणि जनुकांच्या अभ्यासातून दिसतं, पण त्यावरून फ्लेमेन्को म्हणजे आपलंच संगीत असं म्हणणं मला पटत नाही, ते अंदालुसियाच्या मातीतच घडलंय.

आता ऐकूया. कामारोन आणि तोमातितो, पॅरिसमधली 1987 ची मैफल, जी 1999 मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आली. पहिल्यांदा नुसती गिटार कुठे थांबते तेवढंच ऐका, आणि मध्ये मध्ये जे "ओले" येतं ते कुठल्या जागेला येतं तेही बघा, कारण ती दाद कधी गळ्याला असते, कधी हाताला.