अक्षरं बिघडली, बाइट शाबूत

एका संगणकावर लिहिलेली फाइल दुसऱ्यावर उघडली. जिथं ‘मराठी’ लिहिलं होतं तिथं आता डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतोय, त्याच्या शेजारी भलतीच चिन्हं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कितीतरी दिवसांचं काम गेलं!

गेलेलं नाही. फक्त आत्ता ‘सेव्ह’ दाबू नका.

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ या आजच्या तक्त्यात ‘म’ म्हणजे तीन बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे : २२४, १६४, १७४. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा अशीच तीन बाइटची. त्यातला पहिला कायम २२४, दुसरा १६४ नाहीतर १६५. हेच बाइट विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्यानं वाचले, की एकेका बाइटचं एकेक चिन्ह होतं. २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ‘ए’, म्हणून तो दर तिसऱ्या जागी हजर. ही खूण ओळखता आली की निम्मं काम झालं. मजकूर सुखरूप आहे, तक्ता चुकलाय. फाइल पुन्हा उघडा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) असेल तर डबल क्लिक न करता ‘इम्पोर्ट’मधून आणा, तिथं एन्कोडिंग निवडता येतं.

तक्त्यांचा हा घोळ जुना आहे. १९६३ च्या आस्की तक्त्यात मोठ्या ‘ए’चा आकडा ६५; पुढच्याच वर्षी आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांवर, आयबीएमच्या स्वतःच्या एबसिडिक तक्त्यात, तोच १९३.

घाईनं सेव्ह केलं तर? चुकीच्या तक्त्यातली चिन्हं पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात. ‘म’चे तीन बाइट सहा होतात. हेही बहुतेक वेळा उलट्या पावली सोडवता येतं.

खरा घात प्रश्नचिन्हांचा. ज्या तक्त्यात ‘म’ला जागाच नाही, त्यात सेव्ह करताना प्रोग्राम त्याच्या जागी ६३, म्हणजे प्रश्नचिन्हाचा आकडा, लिहितो. ‘र’च्या जागीही ६३. कोणतं कुठलं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी मूळ फाइल परत मागवणं हाच उपाय.

म्हणून आधी पाठवणाऱ्याकडची मूळ फाइल आणि तुमच्याकडची, दोन्हींची साइज ताडून पाहा. सारखी असेल तर बहुधा फक्त तक्ता चुकलाय. जवळपास दुप्पट झाली असेल तर कुणीतरी मधे सेव्ह केलंय. आणि एक तृतीयांशाच्या आसपास उरली असेल, तर पाठवणाऱ्याला लगेच फोन करा : तुमच्याकडची प्रत पुसू नका.