वस्तादांचं ‘बास’

कोल्हापूरच्या खासबागेच्या मैदानात माणूस कितीही मागं बसला तरी हौदातली कुस्ती त्याला दिसते. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान तसंच बांधून घेतलं. दवाखान्यातली लढत मात्र कुणाला दिसत नाही. माझी लढत बघायला रोज एक माणूस येत होता, माझे कुस्तीचे वस्ताद. त्यांच्याविषयी बोलायला मी आज उभा आहे.

निमित्त साधं होतं. दुखणं सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी जुलाब लागले होते. मग तळपायाला मुंग्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी तालमीच्या तीन पायऱ्या चढता येईनात. रोज हजार बैठका मारणारे पाय हे. आधी ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनी थकवा आहे म्हणून घरी पाठवलं. वस्तादांना ते पटलं नाही. त्याच रात्री त्यांनी मला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडालाच नाही.

आजाराचं नाव गुइलेन बारे सिंड्रोम, जीबीएस. एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर उलटते, नसांवरचं आवरण कुरतडते. अशक्तपणा बहुतेकदा पायाकडून वर चढतो. माझा छातीपर्यंत चढला आणि श्वासाला मशीन लावावं लागलं.

औषध होतं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. पाच दिवस, दर किलोला रोज ०.४ ग्रॅम. माझं वजन ९२ किलो, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३७ ग्रॅम. बदाम-तुपावर कमावलेला एकेक किलो त्या बिलात मोजला गेला. पैसे कुठून आणले हे वस्तादांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांच्या दावणीची एक म्हैस कमी झालेली मला नंतर दिसली.

घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. हो म्हणायचं तर एकदा डोळे मिटायचे. एका संध्याकाळी वस्ताद कानाशी वाकून म्हणाले, “भ्यालास?” मी डोळे मिटले. “मी बी,” ते म्हणाले. अकरा वर्षं ज्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो, त्या माणसाचे हे शब्द. आमची मैत्री त्या संध्याकाळपासूनची.

मशीन निघालं, घरी आलो. खरं अवघड पुढंच होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की नसा भरून येताना स्नायू दमवायचे नाहीत. अंगात ताकद शिल्लक आहे तोवरच थांबायचं. आवरण भरून यायला आठवडे-महिने लागतात, पण आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. हे ऐकून वस्तादांनी माझ्या कमरेपासून अंगठ्यापर्यंत वीत टाकत मोजलं. “पाच वीत. हजार-अकराशे दिवस धर. दमानं घेऊ.”

ज्यांनी जन्मभर पोरांना फक्त ‘अजून एक’ म्हणून सांगितलं, त्यांना ‘बास’ म्हणायला शिकावं लागलं. पाय उचलायचा व्यायाम दहा वेळा सांगितलेला. अकराव्याला मी दात-ओठ खायला लागलो की त्यांचा तळहात गुडघ्यावर यायचा. “बास.” मला राग यायचा. मी ओरडलोही आहे त्यांच्यावर, आणि त्याची लाज मला अजून वाटते. ते उत्तर द्यायचे नाहीत. तेलाची वाटी घ्यायचे आणि माझे तळवे चोळायला बसायचे. तालमीत हे काम पट्ठ्याचं, वस्तादांचे पाय आम्ही दाबायचो. पहिल्यांदा मी पाय ओढून घ्यायला गेलो, तर पाय हललाच नाही.

मी पुन्हा कुस्ती खेळेन, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. बाकी सगळे म्हणायचे. मला त्यांच्या न बोलण्याचाच आधार वाटायचा.

आठव्या महिन्यात काठी घेऊन रंकाळ्यावर गेलो. पुढचा बाक पंचवीस-तीस पावलांवर होता, मला तिथंवर जायचं होतं. वस्ताद अलीकडच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली. मी उभाच राहिलो, सवय. “आरं, बस की,” ते म्हणाले. मी बसलो. पुढचा बाक आम्ही आठवड्यानं गाठला.