चौथी नलिका
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : प्लास्टरच्या ठोकळ्यात रोवलेली दाढ, अगदी जवळून)

पडद्यावर दिसणारी ही दाढ कोणाची होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. ती कधीतरी काढली गेली, बरेच महिने द्रावणाच्या बरणीत राहिली आणि आज, रविवारी सकाळी, इंदूरमधल्या एका सभागृहात भरलेल्या दंतवैद्यांच्या प्रशिक्षण कार्यशाळेत, मुळांपर्यंत प्लास्टरमध्ये रोवलेली अशी एका दंतवैद्य बाईंच्या पुढ्यात आली आहे. वरच्या जबड्यातली ही पहिली मोठी दाढ असून तिला तीन मुळे आहेत. बाई बी.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीधर, झाल्या त्या काळात तीन मुळांच्या तीन नलिका शोधायच्या, साफ करायच्या आणि भरून बंद करायच्या, असे त्यांच्या हाताला वळण लागले. लोकमान्य नगरातल्या एका खुर्चीच्या दवाखान्यात गेली तीस वर्षे त्यांचा हात तेच काम चोख करीत आला आहे.

आता त्यांच्या बोटांकडे पाहावे. रुग्ण जिला सुई म्हणतात आणि दंतवैद्य फाइल म्हणतात, ती त्यांच्या चिमटीत आहे. तिची मूठ जांभळी आहे. जांभळा रंग दहा क्रमांकाचा, आणि दहा क्रमांक म्हणजे टोकाशी मिलिमीटरचा दहावा भाग एवढीच जाडी. यापुढे पांढरी, पिवळी, लाल, निळी, हिरवी आणि काळी असा जाडीचा क्रम चढत जातो व तो जगभर एकच असतो. गालाकडच्या पुढल्या मुळाची नेहमीची नलिका बाईंना केव्हाच सापडली आहे. तिच्या तोंडापासून टाळूच्या दिशेने जरासे आत, डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, एका कंगोऱ्याखाली चौथ्या नलिकेचे तोंड झाकलेले असते. तो कंगोरा भिंगाच्या चष्म्यातून पाहत, केसभर-केसभर खरवडून काढावा लागतो. बाईंनी तीनदा थांबून पाणी मारले, दाढ वाळवली आणि पुन्हा पाहिले. चौथ्या वेळी फाइलचे टोक अडकले. अडकणे हीच येथे खूण असते, कारण सपाट तळावर टोक नुसते घसरते. वरच्या पहिल्या दाढांपैकी निम्म्याहून अधिक दाढांत ही चौथी नलिका असते, हे भिंगे, सूक्ष्मदर्शक आणि त्रिमितीय क्ष-किरण यांच्या साहाय्याने आता पक्के झाले आहे.

हे दृश्य एवढा वेळ ठेवण्यामागे कारण आहे. माझ्या आईच्या अशाच एका दाढेचे रूट कॅनॉल झाले, वर कॅपही बसली, आणि तरीही पुढली दोन वर्षे ती गरम चहाचा घोट उजव्या बाजूने घेत नसे. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी दाढ पुन्हा उघडली, तेव्हा चौथी नलिका तशीच राहिलेली आढळली. आधीच्या डॉक्टरांनी हयगय केली, असे मला आजही वाटत नाही. त्यांना जे शिकवले गेले होते, ते त्यांनी मन लावून केले होते.

(दृश्य : सभागृहाबाहेर पोहे-जलेबीच्या बशा, आत टेबलांच्या रांगा)

इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासून आहे आणि या शहरातल्या कितीतरी दंतवैद्यांचे शिक्षण तेथेच झाले. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप एवढ्या शिदोरीवर माणूस दवाखाना थाटतो व पुढे तीस-पस्तीस वर्षे चालवतो. रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या आजूबाजूला सहकारी असतात, चुकले तर सांगणारे वरिष्ठ असतात. एका खुर्चीच्या दवाखान्यात मात्र आपले काम पाहणारे दुसरे डोळे नसतात. म्हणूनच पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने रविवारी विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन बसणे, ही मला या चित्रीकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सभागृहाची भाषा हिंदी आणि इंग्रजी आहे. शेवटच्या दोन टेबलांवर मात्र मराठीत बोलणे चालले आहे, आणि तेथेच शंका अधिक मोकळेपणाने विचारल्या जात आहेत.

(दृश्य : दातावर निळे जेल, धुऊन वाळवल्यावर खडूसारखा झालेला पृष्ठभाग)

पुढल्या टेबलावर निळे जेल दाताच्या कडेवर पसरले जात आहे. हे सदतीस टक्क्यांचे फॉस्फरिक आम्ल आहे. वीस सेकंद मोजायची, पाण्याने धुवायचे आणि हवेने वाळवायचे, की चकचकीत दाताचा तेवढाच भाग खडूसारखा पांढरा पडतो. त्या पांढुरक्या भागात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे तयार झालेली असतात. त्यांत पातळ राळ शिरते, निळ्या प्रकाशाखाली घट्ट होते आणि भरलेले सिमेंट दाताला धरून ठेवते. दाताला आम्ल लावून पकड मिळवता येईल, हे अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले. त्यापूर्वीची रीत अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांची होती. चांदी नीट बसावी आणि कीड पुन्हा लागू नये, यासाठी किडलेल्या भागाभोवतीचा चांगला दातही कोरून काढावा, असे ते सांगत. त्या काळच्या साधनांना धरून ती रीत योग्यच होती. साधन बदलले, तशी चांगला दात कोरण्याची गरजही संपत गेली. पण हाताची सवय पुस्तकातल्या पानाइतकी लवकर बदलत नाही. मोजून वीस सेकंद थांबणे ऐकायला सोपे वाटते, परंतु टेबलावर बसलेल्या दहा जणांपैकी कितीतरी जणांनी आधी घाई केली, हे कॅमेऱ्याने टिपले आहे.

दुपारच्या व्याख्यानाचे चित्रण थोडेच आहे, पण त्यातली दोन वाक्ये येथे सांगायलाच हवीत. हृदयरोगाच्या रुग्णाची दाढ काढायची, तर पूर्वी अॅस्पिरिनची गोळी चार-सहा दिवस आधी बंद करायला सांगत. आता ती चालू ठेवून जखमेत रक्त थांबवणारा स्पंज आणि टाका घालणे अधिक सुरक्षित मानले जाते. आणि हृदयाच्या झडपेची किरकोळ तक्रार असलेल्या प्रत्येकाला दाताच्या कामाआधी प्रतिजैविक देण्याची प्रथा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये मोडीत काढून ते केवळ मोठ्या जोखमीच्या रुग्णांपुरते ठेवले.

(दृश्य : वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, दोन लहान कुप्या, दोन्ही जांभळ्या)

आता ज्या टेबलाकडे सहसा कोणी कॅमेरा नेत नाही, तेथे जाऊ. येथे दवाखान्यांतल्या मदतनीस बसल्या आहेत. लोकमान्य नगरातल्या बाईंनी आपल्या मदतनीस ताईंना बरोबर आणले आहे. ताई सतरा वर्षे त्यांच्याकडे आहेत. रुग्णाच्या तोंडात जाणारे प्रत्येक हत्यार आधी त्यांच्या हातून धुतले जाते, पाकिटात बंद होते आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले जाते. पाकिटावरची टेप काळी पडली की काम झाले, असे ताई इतकी वर्षे समजत होत्या. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले, "ताई, टेप काळी झाली म्हणजे पाकिटाला उष्णता लागली, एवढंच कळतं. आतले जंतू मेले की नाही, ते ही कुपी सांगेल."

या कुपीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे टणक कवचातले सुप्त रूप, असते. उष्णतेला सर्वाधिक दाद न देणाऱ्यांपैकी हे एक. एक कुपी हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये जाते आणि दुसरी मुद्दाम बाहेर ठेवली जाते. १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस इंचाला पंधरा पौंड दाब पंधरा मिनिटे मिळाला, वाफ प्रत्येक कोपऱ्यात पोहोचली, तर आतले बीजाणू मरतात. नंतर दोन्ही कुप्या उबदार पेटीत ठेवतात. बाहेर राहिलेल्या कुपीत जिवाणू वाढतात आणि तिचा जांभळा रंग पिवळा होतो. आत गेलेली कुपी जांभळीच राहिली, तर ऑटोक्लेव्ह नीट चालला. ती पिवळी झाली, तर त्या फेरीतले एकही हत्यार वापरायचे नाही. डबा खच्चून भरला असेल, पाकिटे एकावर एक दाबून बसवली असतील, दाराचे रबर झिजले असेल, तर टेप काळी पडूनही कुपी पिवळी होऊ शकते.

दुसऱ्या दिवशीचे दृश्य आमच्याकडे आहे. ताईंच्या हातात दोन कुप्या आहेत, एक पिवळी आणि एक जांभळी. त्या दोन्ही खिडकीच्या उजेडात धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यांबरोबरच डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांच्या नोंदणीची व्यवस्था केली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनिसाची नोंद त्यात नाही. दंतवैद्यांना नोंदणी टिकवण्यासाठी निरंतर, म्हणजे पदवीनंतरही चालू राहणाऱ्या, दंतशिक्षणाचे गुण पाच-पाच वर्षांच्या आवर्तनात मिळवावे लागतात. ही सक्ती योग्यच आहे. मात्र मागच्या रांगेत बसून मिळवलेले प्रमाणपत्र आणि फाइलचे टोक अडकल्याचे बोटांना कळणे, या दोहोंत फरक आहे. गुणांचा हिशेब करताना हाताने केलेल्या कामाला अधिक वजन मिळाले पाहिजे आणि ताईंसारख्यांचे शिक्षणही त्याच हिशेबात धरले पाहिजे, असे मी येथे आग्रहाने म्हणते. २०२३ साली संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आहे. असा बदल करायचा, तर ही वेळ त्यासाठी योग्य आहे.

(दृश्य : जमिनीवर रबराचा पुतळा, गुडघ्यांवर बसलेले दंतवैद्य)

दिवसाचे शेवटचे सत्र जमिनीवर झाले. भुलेचे इंजेक्शन घेतल्यावर एखादा रुग्ण खुर्चीतच कोसळू शकतो, म्हणून येथे छाती दाबण्याचा सराव चालू आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर तीस दाबांनंतर दोन श्वास. दाब पुरेसा खोल गेला की पुतळ्यातून टक असा आवाज येतो. आधी श्वासमार्ग पाहायचा आणि मग छाती दाबायची, हा जुना क्रम २०१० मध्ये उलटा झाला, आणि ज्यांनी त्यापूर्वी शिकून घेतले होते त्यांचे हात अजूनही प्रथम हनुवटीकडे जातात. बाईंचेही गेले. त्यांनी स्वतःच हात मागे घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

(दृश्य : तीन बोटे उभी धरलेला हात, रुग्णाच्या तोंडासमोर)

तोंड उघडल्यावर उभी धरलेली तीन बोटे आत जात नसतील, तर सुपारी आणि गुटख्याविषयी विचारायलाच हवे, कारण त्यांच्या सवयीने तोंड उघडणे कमी होत जाते. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पानमसाला आणि तंबाखू मात्र शेजारशेजारच्या पुड्यांत मिळतच राहिले. ही तपासणी दहा सेकंदांची आहे, आणि ती राहून गेली तर कर्करोग उशिरा कळतो.

(दृश्य : सोमवार सकाळ, लोकमान्य नगरातला दवाखाना)

सोमवारी दहा वाजता बाईंनी दवाखाना उघडला. ताईंनी ऑटोक्लेव्हचे झाकण उघडून रबराची कड बोटाने चाचपली, पाकिटे कडेवर उभी, सुटी-सुटी लावली, मधोमध एक कुपी ठेवली आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत तारीख व वेळ लिहिली. वहीचे पहिले पान आहे. बाहेरच्या बाकावर पहिले रुग्ण येऊन बसले आहेत.