३७ अंशांची राखण

पडद्यावर धावणारी ही आकृती उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रित केली आहे. लाल-पिवळा रंग उबेचा, निळा गारव्याचा. स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा धावण्याच्या कामी येते आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, तरीही या धावपटूचे कपाळ तापण्याऐवजी निळसर होत चालले आहे.

त्याचे कारण आता जवळून दिसेल. मनगटावरच्या त्वचेच्या एका रंध्रातून टाचणीच्या टोकाएवढा थेंब वर येतो, फुगतो, शेजारच्या थेंबाला जाऊन मिळतो आणि पसरून उडून जातो. (तळहाताचे चित्रण मुद्दाम टाळले आहे, कारण तळहाताला भीतीनेही घाम फुटतो.) एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. जो घाम ओघळून जमिनीवर पडतो, तो मात्र वाया गेला.

घाम केव्हा आणि किती यावा हे मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा हायपोथॅलॅमस ठरवतो. त्वचेतील चेतातंतूंकडून येणारी खबर आणि आपल्यातून वाहणाऱ्या रक्ताचे तापमान यांचा मेळ घालून तो घर्मग्रंथींना आणि त्वचेतील रक्तवाहिन्यांना आदेश देतो. त्वचेपाशी गार झालेले रक्त फिरून त्याच्यापाशी पोहोचले, की आदेशाचा जोर आपोआप ओसरतो. परिणामानेच कारणाला लगाम घालण्याच्या या रीतीला ऋण प्रत्याभरण, म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. रक्तातील साखर आणि पाणीही असेच आवाक्यात राहते, पण ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

हा आलेख एका दिवसातील शरीराच्या तापमानाचा आहे. ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासची ही रेघ सरळ नाही: पहाटे ती खाली जाते, संध्याकाळी सुमारे अर्धा अंश वर येते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शरीराची आतली स्थिती अशी आवाक्यात राखण्याला १९२६ मध्ये 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले, तेव्हा 'तंतोतंत तेच' या अर्थाच्या ग्रीक शब्दाऐवजी 'साधारण तसेच' या अर्थाचा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक निवडला होता. आपल्या 'समस्थिती' या प्रतिशब्दात ही हालचाल हरवते.

पांघरुणातून बाहेर आलेल्या या हातावर काटा उभा आहे, आणि शेजारच्या तापमापीवर ३८.५ चा आकडा आहे. तापात यंत्रणा बिघडलेली नसते. संसर्गाशी लढताना तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे तिचे लक्ष्य-तापमानच वर सरकलेले असते, म्हणून ३८.५ अंशही तिला कमी वाटतात आणि अंगाला कापरे भरवून ती उष्णता वाढवू लागते. उष्माघातात मात्र लक्ष्य जागच्या जागी असते, उष्णता बाहेर पडत नाही, आणि तापमान ४० अंशांपुढे जाऊन शुद्ध हरपू लागली की रुग्णाला तातडीने थंड करावे लागते.

ट्रेडमिल थांबली आहे. धावपटू उभा आहे, तरी घाम येतोच आहे, कारण स्नायूंत साठलेली उष्णता अजून रक्तावाटे त्वचेकडे येत आहे. मग रंध्रांवरचे थेंब विरळ होतात आणि कपाळावरच्या निळ्यात हळूहळू पिवळा रंग परततो.